रामबाण नेमका कशावर?

शब्दांची ओसरी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पुसेगावच्या यात्रेत एका तंबूवर 'सर्व रोगांवर अक्सीर इलाज' अशी पाटी होती. मुलगा म्हणाला, पाटी चुकलीय, 'अखेर इलाज' असणार. माझ्या आईच्या तोंडी मात्र 'अक्सीर' हा शब्द कायम असतो. बरोबर कोण? आणि हा शब्द आला कुठून? (खटाव तालुक्यातून)

आई बरोबर. 'अखेर'शी या शब्दाचं काही नातं नाही. अक्सीर म्हणजे हमखास लागू पडणारं. काही जण 'अकसीर' असंही लिहितात आणि तेही चालतं. पाटीतला 'इलाज' हा शब्दही अरबीच. म्हणजे त्या तंबूवाल्याची अर्धी पाटी अरबी होती.

शब्दाचं मूळ मात्र अरबस्तानाच्याही पलीकडे, ग्रीकांकडे आहे. ग्रीक भाषेत 'क्सीरॉस' म्हणजे कोरडं. त्यावरून 'क्सीरिऑन' म्हणजे जखमेवर भुरभुरायची कोरडी पूड. जखमेतलं पाणी शोषून घ्यायचं आणि खपली धरू द्यायची, एवढंच तिचं काम. ताप नाही, पोटदुखी नाही. ही पूड अरबांकडे गेली आणि 'इक्सीर' झाली. अरबी शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर चालत नाही, म्हणून आधी 'इ'चा टेकू लावला. आपल्याकडे स्टोव्हचा 'इस्टो' झाला तो याच वळणाने. मधला 'क्सीर' मात्र ग्रीक पुडीतला जसाच्या तसा राहिला आहे. अक्सीर म्हणून पाहा, ऐकू येईल.

मग जखमेच्या पुडीचं सर्वरोगहारी औषध कसं झालं? वाटेत किमयागार भेटले. शिसं, कथील, तांबं हे जणू आजारी धातू आणि सोनं हा निरोगी धातू, अशी त्यांची समजूत. आजारी धातूवर चिमूटभर पूड टाकली की तो बरा होतो, म्हणजे सोनं होतो. त्या पुडीला त्यांनी नाव दिलं अल्-इक्सीर. धातूचं दुखणं घालवणारी पूड माणसाचंही घालवील, हा पुढचा तर्क ओघानेच आला. धातू काही सोन्याचे झाले नाहीत, पण शब्दाचं सोनं झालं.

मराठीत हा शब्द फारसीच्या वाटेने आला. फारसीने अरबीतलं 'अल्' गाळून टाकलं, म्हणून आपल्याकडे नुसतं अक्सीर. युरोपात तो थेट अरबी पोथ्यांच्या लॅटिन भाषांतरांतून गेला, तिथे 'अल्' चिकटूनच राहिलं आणि 'एलिक्झिर' तयार झालं. 'किमया' आणि 'अल्केमी' या जोडीचं हेच आहे: शब्द एक, एकाला 'अल्' आहे, दुसऱ्याला नाही.

औषधाच्या बाटलीवर 'एलिक्झिर' छापलेलं असतं. म्हणजे ते हमखास गुणाचं, असं समजायचं का? (कराड)

नाही. औषधशाळेच्या भाषेत एलिक्झिर हा गुणाचा दाखला नाही, औषधाचा प्रकार आहे. तोंडाने घ्यायचं, गोड केलेलं, बहुधा अल्कोहोलचा अंश असलेलं पातळ औषध. मूळची कोरडी पूड शेवटी पातळ झाली, हा शब्दाचा गमतीदार प्रवास.

त्यातल्या अल्कोहोलवरून एकदा फार मोठा प्रसंग उभा राहिला. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध पातळ स्वरूपात विकायला आलं. गोळ्या आधीपासून होत्या, पण लहान मुलांना पातळ औषध सोपं पडतं. ते औषध ज्यात विरघळवलं ते होतं डायएथिलीन ग्लायकॉल. चवीला गोड, मूत्रपिंडाला घातक. शंभरावर माणसं दगावली, त्यांत कितीतरी मुलं होती. विकण्यापूर्वी औषध सुरक्षित आहे का हे तपासण्याची सक्ती तेव्हाच्या कायद्यात नव्हती. बाटल्या जप्त करायला सरकारला आधार मिळाला तो शब्दाचा: लेबलवर 'एलिक्झिर' आहे आणि आत अल्कोहोल नाही, म्हणजे नाव खोटं. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, तिथला कायदा बदलला. हेच रसायन १९८६ साली मुंबईत ग्लिसरीनमध्ये भेसळ होऊन आलं आणि १४ रुग्ण गेले.

'पॅनेशिया'ला मराठीत 'रामबाण' म्हणावं का? आमच्या शिक्षकांनी तसं लिहून दिलं आहे. (सांगली, महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

आम्ही म्हणणार नाही. शिक्षकांना दुखवायचं नसेल तर वहीत राहू द्या, भाषांतरात मात्र 'सर्वरोगहारी' लिहा.

पॅनेशिया हे ग्रीक वैद्यदेव अस्क्लेपिअसच्या मुलीचं नाव, पानाकेया. 'पान' म्हणजे सगळं, 'आकोस' म्हणजे उपाय. हिपोक्रेटिसच्या नावाने वैद्य जी शपथ घेत, तिच्यात हिचं नाव आहे. जिनसेंगच्या वनस्पतीला लिनियसने 'पॅनॅक्स' हे नाव दिलं तेही याच मुळावरून. या शब्दाचा सगळा भर 'सगळं' यावर आहे.

रामबाणाचा भर नेमका उलट बाजूला. राम एकवचनी, एकबाणी. दुसरा बाण लावायची वेळच येत नाही, कारण पहिलाच लागतो. पण तो एका लक्ष्यावर लागतो! दहा तोंडांच्या रावणावर सोडलेला बाण वाटेत चार वानरांना लागून गेला तर त्याला कोणी रामबाण म्हणेल का? रामबाण उपाय म्हणजे अचूक उपाय, अमुक दुखण्यावरचा. म्हणून 'रामबाण कशावर?' हा प्रश्न योग्य आणि 'सगळ्यावर रामबाण' हे वाक्य मुळात विसंगत.

आयुर्वेदात 'रामबाण रस' नावाचं औषधच आहे. त्यात पारा, गंधक, बचनाग, लवंग, मिरी आणि जायफळ, वर चिंचेच्या रसाची भावना, म्हणजे त्या रसात पुन्हा पुन्हा खलणं. एवढ्या मोठ्या नावाचं हे औषध मुख्यतः मंदावलेल्या भुकेवर आणि अपचनावर आहे. जाता जाता: कॅनॉलच्या पाझरात, डबक्यांच्या काठी तपकिरी कणसाचं उंच गवत उगवतं, ते पाणकणीस. त्यालाही रामबाण म्हणतात, ते त्या सरळसोट दांड्यामुळे. औषधाचा संबंध नाही.

आजीच्या पितळी डब्यात हेमगर्भाची कांडी सापडली. सोबत सहाण आहे. 'दोन वळसे' म्हणजे किती औषध? आणि 'मात्रा चालत नाही' हा वाक्प्रचार याच मात्रेवरून का? (मिरज)

वाक्प्रचार यावरूनच. 'मा' म्हणजे मोजणं, त्यावरून मात्रा म्हणजे माप. मिरजेत तबल्याच्या सोळा मात्रा माहीत नाहीत असं घर विरळा. ते काळाचं माप. कवितेतलं मात्रावृत्त हे उच्चाराचं माप. वैद्याची मात्रा हे औषधाचं माप, म्हणजे डोस. पुढे जी औषधं अगदी थोड्या मापात द्यायची, धातूंची आणि खनिजांची, त्यांनाच मात्रा म्हणायची पद्धत पडली. माप सांगणारा शब्दच औषध होऊन बसला. मग 'मात्रा लागू पडली', 'त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही' हे सगळं आलं.

आता वळसा. सहाणेवर दोन-चार थेंब मध, आल्याचा रस किंवा वैद्य सांगेल ते अनुपान टाकायचं, कांडी उभी धरायची आणि हलक्या हाताने एक पूर्ण गोल फिरवायचा. हा एक वळसा. सहाणेवर करडी, गुळगुळीत रेघ उमटते, तीच बोटाने चाटवायची. बाळगुटीतली मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ यांचेही असेच वळसे मोजतात.

गोम अशी की वळसा हे वजन नाही. सहाण खरखरीत असेल तर एका वळशात झिजेल ते, वापरून गुळगुळीत झालेल्या सहाणेवर तीन वळशांतही झिजणार नाही. हाताचा जोर वेगळा, थेंब जास्त पडले तर कांडी नुसती घसरते. नवी सहाण स्वतःच झिजते आणि दगडाची कच औषधात येते. म्हणून जुन्या घरांत नवी सहाण आधी पाण्याने बराच वेळ घासून घेत, धूत, आणि मगच औषधाला काढत. चंदनाची सहाण वेगळी ठेवत. उगाळून झाल्यावर कांडी लगेच फडक्याने कोरडी करायची, नाहीतर मधाचा थर बसतो आणि पुढच्या वेळी कोणत्या औषधाचा काय अंश गेला हे समजत नाही.

तुमच्या कांडीचं मात्र वेगळं. हेमगर्भ म्हणजे नुसतं सोनं नव्हे. त्यात पारा, गंधक, तांबं हेही असतं. पारा आणि गंधक खलून काजळीसारखी काळी कज्जली करतात, बाकीचे घटक घालून शिखरासारखा आकार देतात, रेशमी कापडात बांधतात आणि वितळलेल्या गंधकात सोडून शिजवतात. आच कमी पडली तर आतला गाभा कच्चा राहतो, जास्त झाली तर गंधक पेट घेतो. ती नीट शिजली होती की नाही, हे पन्नास वर्षांनी कांडीकडे बघून कोणालाच सांगता येणार नाही. वर लेबलही नाही. तेव्हा ती उगाळू नका. मरणोन्मुख माणसाला हेमगर्भ देऊन दोन शब्द बोलतं करायचे, अशी आठवण अनेक घरांत सांगतात (ते दोन शब्द बहुतेक वेळा देण्याघेण्याचे असत!). तेवढी आठवण जपून ठेवा. तान्ह्या बाळाला तर पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाखेरीज काहीच देऊ नये, मग वळसे कितीही हलके असोत.

आजोबांच्या वहीत लिहिलं आहे: 'संजीवनी वटी: अजीर्णास १, पटकीस २, सर्पदंशास ३, सन्निपातास ४.' हे खरं आहे का? (शिराळा)

वहीत उतरवताना आजोबांनी चूक केलेली नाही. शार्ङ्गधरसंहितेत संजीवनी गुटीचा हाच क्रम आहे. घटक दहा: वावडिंग, सुंठ, पिंपळी, हिरडा, आवळकाठी, बेहडा, वेखंड, गुळवेल, शुद्ध केलेला बिब्बा आणि शुद्ध केलेला बचनाग. हे गोमूत्रात खलून गुंजेएवढी गोळी वळायची. सोनाराच्या मापात आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, तेव्हा एक गुंज साधारण १२० मिलिग्रॅम.

गोळीचं नाव संजीवनी, तरी ग्रंथकाराने चारच दुखणी नेमून दिली आणि प्रत्येकाला गोळ्या मोजून दिल्या, हे ध्यानात घ्या. या दहांत बिब्बा आणि बचनाग आहेत. बचनागाचं शोधन कच्चं राहिलं तर आधी ओठ आणि जिभेला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, मग हृदयाचे ठोके चुकू लागतात. म्हणूनच असे घटक असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. गोळी चार पटींनी वाढवली की बचनागही चार पटींनी वाढतो.

सर्पदंशाला मात्र ही गोळी नको, तीनही नकोत आणि तीसही नकोत. शिराळकरांना नाग आणि घोणस ओळखायला आम्ही शिकवावं असं नाही, पण उपचाराचं एवढं सांगतो. घट्ट आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. सूज यायच्या आत अंगठी, जोडवी, कडं काढा. चावलेला हात किंवा पाय फळकुटाला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, चावल्याची वेळ लिहून ठेवा आणि सापाची लस असलेलं रुग्णालय गाठा. मण्यार चावली की फारसं दुखत नाही, म्हणून 'बिनविषारी होता' असं वाटतं. काही तासांनी पापण्या मिटायला लागतात, तोवर उशीर झालेला असतो. घोणस चावल्यावर रक्त गोठणं बिघडतं. ते पाहायला डॉक्टर थोडं रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी कलंडवतात.

आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर तयार होते. कोकणकड्याच्या जंगलातल्या हिरव्या चापड्याचं विष ती बनवताना वापरलेलं नसतं. म्हणजे खरा उताराही सगळ्या सापांवरचा नाही, चारांवरचा आहे. याच्या उलट टोकाला युरोपातलं 'थेरिआक'. ग्रीक 'थेरिऑन' म्हणजे श्वापद, त्यावरून हे विषारी प्राण्यांच्या दंशावरचं औषध. पाँटसचा राजा मिथ्रिडेटीस विषप्रयोगाला घाबरून रोज उतारा घेत असे, त्याच्या कृतीत नीरोच्या वैद्याने, अँड्रोमाकसने, सापाचं मांस आणि आणखी जिनसा घातल्या आणि संख्या ६४ वर नेली. त्यांत अफूही होती, त्यामुळे कोणालाही थोडं बरं वाटणारच! दंशावरचं औषध मग खोकल्यापासून प्लेगपर्यंत सगळ्याला देऊ लागले. १७४५ मध्ये विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरने त्याविरुद्ध पुस्तिका लिहिली. शब्द आजही जिवंत आहे: इंग्रजीतलं 'ट्रीकल' म्हणजे काकवीसारखा पाक, ते या थेरिआकचंच रूप. औषध गेलं, ज्या पाकात कालवत तो राहिला.

विषावरचा 'उतारा' आणि सातबाराचा 'उतारा' एकच का? (सांगली)

हो. विष चढतं, ते उतरवणारा तो उतारा. वहीतला मजकूर दुसरीकडे उतरवून घेतला तर तोही उतारा. तलाठी कार्यालयात मिळतो तो दुसरा. काहींना तो मिळेपर्यंत पहिल्याची गरज भासते.

'जालीम औषध' म्हणजे चांगलं की वाईट? (तासगाव)

अरबीत जालीम म्हणजे जुलूम करणारा. 'जुलूम' आणि 'जालीम' एकाच धातूचे. आपण तो शब्द रोगावर जुलूम करणाऱ्या औषधाला लावला. पण जालीम औषध रोग्यावरही जुलूम करू शकतं, ही सूचना शब्दातच आहे. तेव्हा कौतुक म्हणून घ्या, पण माप विचारून घ्या.

'ज्याला आई नाही त्याची आई हिरडा' असं म्हणतात. मग रोज घ्यायला हरकत नाही ना? (महाबळेश्वर)

वचन आहे खरं: यस्य माता गृहे नास्ति तस्य माता हरीतकी. सर्वरोगहारी म्हणून आयुर्वेदात कोणाची निवड करायची झाली तर हिरड्याचंच नाव पुढे येईल. सहा रसांपैकी खारट सोडून पाचही त्यात आहेत. पण ज्या परंपरेने त्याला आई म्हटलं, तिनेच तो कोणी खाऊ नये याचीही यादी दिली आहे: वाटचालीने थकलेला, अशक्त, रुक्ष, कृश, उपासाने खंगलेला, पित्त वाढलेला, रक्त काढलेला आणि गर्भवती स्त्री. सर्वांना चालणाऱ्या औषधाला अशी यादी लागत नाही.

घ्यायची रीतही ऋतूगणिक बदलते. वर्षा ऋतूत सैंधवाबरोबर, शरदात साखरेबरोबर, हेमंतात सुंठीबरोबर, शिशिरात पिंपळीबरोबर, वसंतात मधाबरोबर, ग्रीष्मात गुळाबरोबर. तुमच्याकडे झाडं दारात आहेत म्हणून आणखी एक. आठळी धरण्याआधी गळून वाळलेला तो बाळहिरडा, त्यापुढचा, कातडी कमावायला जातो तो चांभारी हिरडा, आणि पूर्ण भरलेला, पिवळसर, जड तो सुरवारी हिरडा. चूर्णाला सुरवारी घ्यावा. फोडून आठळी टाकावी, फक्त साल कुटावी. आठळीसकट दळलं तर चूर्णाचं वजन भरतं, गुण भरत नाही. चांगला हिरडा पाण्यात बुडतो. रात्री तीन ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, कोमट पाण्याबरोबर, हे नेहमीचं माप. जुलाब झाले तर थांबावं.

पुन्हा यात्रेतला तंबू. त्याच माणसाकडून वडिलांनी गुडघेदुखीची पूड घेतली. दुसऱ्या दिवशी दुखणं पळालं, भूकही वाढली. आता महिना झाला. पूड अक्सीर म्हणावी का? (पहिल्याच वाचकांचं दुसरं पत्र)

गुडघेदुखी एका रात्रीत पळाली, भूक वाढली, हे ऐकून आम्हाला पुडीत स्टेरॉइड असल्याची शंका येते. जडीबुटीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा वेदनाशामक गोळ्या कुटून घातल्याची उदाहरणं आहेत. वडिलांचा चेहरा गोल, सुजल्यासारखा झाला आहे का, पायावर सूज आहे का, त्वचेवर सहज काळेनिळे डाग पडतात का, हे पाहा. उपाशीपोटीची साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. शौचाला काळं डांबरासारखं होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

पूड मात्र आज एकदम बंद करू नका. महिनाभर बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. अचानक तोडलं तर गळून जाणं, उलट्या, रक्तदाब उतरणं असं होऊ शकतं. उरलेली पूड पुडीसकट डॉक्टरांपुढे ठेवा, किती चमचे आणि किती दिवस घेतली ते सांगा. डोस उतरवत न्यायचा की कसं, ते त्यांना ठरवू द्या. पुडीवर घटकांची नावं, परवाना क्रमांक, बॅच, बनवल्याची तारीख यांतलं काहीच नसेल, आणि बहुधा नसेलच, तर अन्न व औषध प्रशासनाच्या सातारा कार्यालयात तक्रार देता येते. १९५४ च्या जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्याने ठरावीक रोग बरे करण्याचा दावा जाहिरातीत करायलाच मनाई आहे. त्यामुळे पाटीचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर तोही जोडा.